सरकारची रेघ सरकली त्याची हकीकत

॥ श्रीअक्षर समर्थ ॥ ज्याचे कृपेने मुका कागद बोलता होतो, आणि बोलता मनुष्य कागद पाहून मुका होतो, त्यास आधी दंडवत. शके एकोणीसशे चौतीस, नंदननाम संवत्सर, आश्विन मासी दसऱ्याचे सुमारास एका दौलतीत एका रेघेपायी जो गोंधळ उडाला तो थोर मंडळींनी विचारिला, त्यावरून ज्यांनी डोळ्यांनी पाहिला त्यांचे तोंडून ऐकून, पदरचे मीठ चवीपुरते घालून लिहिला आहे. दौलतीचे नाव घालू नये अशी आज्ञा आहे, सबब घातले नाही.

त्या दौलतीची धनीण बाईसाहेब. वय सत्तरीचे घरात, बुद्धी कातरीसारखी, परंतु नजर अधू जाहलेली. आणि दफ्तराचे कागद तर असे की आरंभी दीड पान किताब आणि नमस्कार, शेवटी एक पान आशीर्वाद, आणि मधे कोठेतरी फणसात गरा असावा तसा मतलब. एके दिवशी बाईसाहेबांनी एक कागद ऐकावयास घेतला, तो ऐकता ऐकता विडा दोन वेळा जाहला, तरी कागद काय म्हणतो ते कळेना. आणि मग नदीवरील पूल मोडल्याचे वर्तमान कागदाचे आधी पुलावरून पडलेल्या म्हशीचे धन्यानेच येऊन सांगितले. तेव्हा बाईसाहेब कारभारी खंडो अनंत यांस बोलिल्या की, "आजपासून कागदात जे मुख्य असेल त्याखाली रेघ ओढीत जा. रेघ जेथे असेल तेवढेच आम्ही वाचू, आणि तोच आमचा हुकूम. बाकीचे सारे तुमचे तुम्ही वाचा." येणेप्रमाणे दौलतीत रेघेचे राज्य सुरू जाहले, आणि लोक शपथ देवाची न घेता सरकारचे रेघेची घेऊ लागले.

आता ती रेघ ओढणारा कोण, तर टंकनवीस दादो मल्हार. एकतीस वर्षे या गृहस्थाने लोखंडी टंकयंत्र बडविले. त्या यंत्रावर रेघ ओढणे म्हणजे कौशल्य: शब्द लिहावा, मग गाडा मागे ढकलावा, मग आडव्या रेघेची कळ शब्दाचे पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत ठोकीत यावे, एक ठोका अधिक पडला तर रेघ पुढचे शब्दाचे घरात शिरते, आणि एक उणा पडला तर शब्दाचा पाय उघडा राहतो. दादोपंतांचा ठोका कधी अधिक नाही, कधी उणा नाही. परंतु त्या यंत्राची फीत बाजारात मिळेनाशी जाहली, आणि मग गेल्या दसऱ्यास दफ्तरात संगणक आला, त्यात लिहिण्याची सोय होती, तिला मंडळी शब्दयंत्र म्हणू लागली, आणि त्यावर व छपाईवर अधिकारी म्हणून गोजराबाई जामदार यांस नेमिले. गोजराबाई म्हणजे पन्नाशीच्या, आवाज खणखणीत, हात चलाख. त्यांनी सर्व कारकुनांस तीन दिवस बसवून ती विद्या शिकविली. दादोपंतांनी मात्र विचार केला की, एकतीस वर्षे ज्याचा ठोका ऐकून इतरांनी बोटे चालविली, त्याने आता त्याच मंडळींचे पंगतीत बाकावर बसावे आणि "बाई, ही कळ कोणती" म्हणावे, हे कसे दिसेल. म्हणून त्यांनी ताप आल्याचे कळविले, आणि तीन दिवस घरी काढ्यावर काढे प्याले, ज्यामुळे चौथे दिवशी त्यांस खराच ताप आला.

ताप उतरल्यावर दादोपंत शब्दयंत्रापुढे बसले. अक्षरे उमटविणे तर त्यांस साधले, परंतु रेघ उमटेना. मागे येऊन आडव्या रेघेची कळ ठोकावी तर अक्षरे पुढे पळत, आणि शब्दाखाली रेघ येण्याऐवजी दोन शब्दांमधे रेघ आडवी पडे, वाटेत साप पडावा तशी. कोणास विचारावे तर तापाची गोष्ट निघेल. मग त्यांनी एक तोड काढिली: शब्द लिहून खालचे ओळीत जावे, लांब कळ दाबीत दाबीत मोकळी जागा सोडावी, आणि शब्दाचे बरोबर खाली आले म्हणजे रेघेची कळ हव्या तितक्या वेळा ठोकावी. लांबून पाहता रेघ शब्दाखालीच दिसे. परंतु खरे पाहता ती रेघ शब्दाची नव्हे, ती खालचे ओळीत एकटीच राहणारी. वर एक अक्षर घातले की शब्द पुढे जाई आणि रेघ जागचे जागी बसून राही. दादोपंतांस हे ठाऊक होते. म्हणून वर काही बदल जाहला की ते खाली येऊन रेघ पुन्हा सारखी करीत, आणि कोणी पाहत असेल तर खोकल्याचे निमित्त करून वेळ काढीत. असे सहा महिने निभले.

इकडे दौलतीत रेघेचे वेड वाढले. बाईसाहेब रेघ तेवढी वाचतात हे कळताच जो तो आपले अर्जास रेघ मागू लागला. गोजराबाईंचे खोलीपुढे गर्दी होऊ लागली, कारण त्यांचे शब्दयंत्रात रेघांचा बाजारच होता: सेनापतींनी आपले नावाखाली दुहेरी रेघ घेतली, ते पाहून किल्लेकोटाचे अधिकाऱ्यांनी जाड रेघ घेतली, तटासारखी, गवयाने नागमोडी घेतली आणि ती आलाप आहे असे सांगितले, एका लाजऱ्या पुराणिकाने नुसती ठिपक्यांची घेतली, एक कंजूष मामलेदार होते, त्यांनी शब्दांखाली तेवढी रेघ घेऊन मधल्या मोकळ्या जागेखाली घेतली नाही, म्हणाले की रिकाम्या जागेस रेघ कशाला वाया घालवावी, आणि मुदपाकखान्याचे अधिकाऱ्यांनी हिरवी रेघ घेऊन संपूर्ण अर्ज, आशीर्वादासकट, तिचेवर वाढून आणिला. मग बाईसाहेबांपुढे एके सकाळी बावीस कागद आले, आणि बावीसही कागदांत असे अक्षर नव्हते ज्याखाली रेघ नाही. बाईसाहेबांनी चष्मा काढून ठेविला आणि म्हणाल्या, "सगळ्या अंगणात पायघड्या घातल्या, तर चालणाऱ्याने दार कोणीकडचे समजावे?" आणि हुकूम जाहला की, यापुढे एका कागदास रेघ एक, आणि ती दादो मल्हार यांणीच ओढावी, दुसऱ्याने ओढिल्यास कागद फाडून टाकावा. दादोपंतांस सर्वांनी मुजरे केले. दादोपंत घरी आले तो त्यांची बायको म्हणाली, "मान मिळाला तर तोंड का उतरले?" त्यावर ते म्हणाले, "काही नाही, खोकला."

पुढे दसरा जवळ आला, आणि वारेगडचे किल्लेदारीचा प्रश्न निघाला. वारेगड म्हणजे सरहद्दीवरचा किल्ला, चहूंकडून वारा असा की पागोटे बांधण्यास दोन माणसे लागावी, एकाने बांधावे आणि एकाने धरावे. तेथे जाण्यास कोणी राजी नसे. या खेपेस मात्र सिदोजी खैरे नावाचा पथकातील एक शिपाईगडी आपण होऊन राजी होता. त्यास गाव मानवत नसे, तो म्हणे की मोकळ्या वाऱ्यात मला झोप चांगली लागते. बाईसाहेब आणि कारभारी या उभयतांचे मनात त्याचेच नाव होते, परंतु रीत अशी की बारा वर्षे एका जागी राहिलेल्या सर्व चाकरांची नावे यादीत घालावी आणि त्यांपैकी जाणाराचे नावाखाली रेघ ओढावी. दादोपंतांनी यादी केली. पहिले ओळीत तीन नावे होती: पहिले एका जमादाराचे, दुसरे विश्वंभरभट वैद्य यांचे, तिसरे सिदोजी खैरे याचे. दादोपंतांनी खालचे ओळीत येऊन जागा मोजिली आणि सिदोजीचे नावाखाली रेघ ठोकिली, अगदी नेमकी. इतक्यात कारभारी खंडो अनंत पाठीशी येऊन उभे राहिले, चष्मा वर केला, आणि बोलिले की, "यादीचे आरंभी राजमान्य राजश्री कसे नाही? आम्ही काय बाजाराची यादी करतो आहो?" दादोपंत म्हणाले, "आता घालतो." त्यांनी पहिल्या नावाआधी राजमान्य राजश्री घातले, आणि तिन्ही नावे एकेक घर उजवीकडे सरकली. दादोपंत खाली उतरून रेघ सारखी करणार, तो कारभारी म्हणाले, "झाले ना? मग चला. मुहूर्त टळतो आहे, बाईसाहेब मोहोर घेऊन बसल्या आहेत." आणि त्यांनी स्वतः पुढे होऊन छापण्याची कळ दाबिली. दादोपंत खोकले, परंतु त्या खोकल्याकडे कोणी लक्ष दिले नाही. कागद कारभाऱ्यांचे हाती गेला.

बाईसाहेबांनी कागद डोळ्यांजवळ धरिला, रेघ पाहिली, आणि रेघेवर नाव वाचले ते विश्वंभरभट वैद्य यांचे. बाईसाहेबांचे मनात आले की, कारभाऱ्यांनी ऐन वेळी नाव बदलिले त्या अर्थी काही खोल कारण असेल, चारचौघांत विचारून त्यांस हिणवावे कशाला. कारभाऱ्यांनी तेच नाव ऐकिले आणि त्यांचे मनात आले की, बाईसाहेबांनी टंकनविसास परस्पर सांगितले असेल, आपण विचारले तर आपणांस ठाऊक नव्हते असे होईल. दोघेही एकमेकांकडे पाहून गंभीरपणे मान हलविते जाहले, आणि मोहोर उठली.

मग चावडीपुढे कागद वाचिला गेला. विश्वंभरभट वैद्य म्हणजे अडुसष्ट वर्षांचा मनुष्य, गुडघे धरलेले, वाड्याच्या पाच पायऱ्या चढण्यास पाच नावे देवाची घेणारा. त्यांचे घरात पत्नी वातरोगाने अंथरुणास खिळलेली. त्यांनी आपले नाव ऐकिले, उपरणे सावरले, आणि म्हणाले, "सरकारची रेघ आहे. त्यात आमचे काय चालणार?" आणि घरी जाऊन खलबत्ता पुसून गोणपाटात बांधावयास बसले. निघण्यास आठ दिवसांची मुदत होती. दादोपंत गर्दीत मागे उभे होते. त्यांस असे वाटले की जमीनच एक घर उजवीकडे सरकली आणि ते जागचे जागी राहिले.

दुसरे दिवशी सकाळी दादोपंत ओटीवर बसले असता विश्वंभरभट स्वतः काठी टेकीत आले, आणि त्यांचे हाती दोन बाटल्या होत्या. दादोपंत उठले, पाट मांडिला. वैद्यबुवा बसले आणि म्हणाले, "दादोपंत, अलीकडे तुम्हांस खोकला फार. कारभाऱ्यांपुढे तर फारच येतो असे ऐकतो. थंडी पुढे आहे आणि मी येथे नसणार, म्हणून अडुळशाचे चाटण करून आणिले. सकाळी एक चमचा, रात्री एक. दुसरी बाटली शिशिरात उघडा." दादोपंत म्हणाले, "वैद्यबुवा, घरी वहिनींचे कसे करणार?" वैद्यबुवा म्हणाले, "तिला पालखीत घालून नेईन म्हणतो. ती म्हणते, मला वाऱ्यात ठेवू नका, मी येथेच पडून राहते. तिचा हात मी रोज तेलाने चोळतो, दुसऱ्याचे हाताने तिला बरे वाटत नाही. पाहू." मग म्हणाले, "एक विचारू का? रेघ तुम्ही ओढिता, म्हणून विचारतो. माझ्याकडून काही चुकले होते काय? बाईसाहेबांचे औषधात काही? कळले असते तर बरे वाटले असते, एवढेच." दादोपंतांनी बाटली हाती घेतली, तिचे बूच काढिले, पुन्हा लाविले, आणि म्हणाले, "तुमचे काही चुकले नाही." वैद्यबुवा म्हणाले, "तुम्ही म्हणता तर नसेल," आणि काठी टेकीत गेले. त्या दिवशी दादोपंतांचे घशाखाली चाटण उतरले नाही आणि भातही उतरला नाही. मग ते अंगरखा चढवून नीट गोजराबाईंचे खोलीत गेले.

गोजराबाई छापयंत्रात अडकलेला कागद ओढीत होत्या. दादोपंत दार लावून म्हणाले, "गोजराबाई, मला रेघ ओढता येत नाही." बाईंनी कागद सोडिला. म्हणाल्या, "काय म्हणता? दौलतीत रेघ ओढणारे तुम्ही एकटेच." मग दादोपंतांनी तापापासून वारेगडपर्यंत सर्व सांगितले, काही लपविले नाही. बाई ऐकून म्हणाल्या, "तरीच. तुमची रेघ छापताना केसभर खाली बसे. मला वाटले, ही जुन्या माणसांची तऱ्हा असेल, मानाचे अंतर ठेवीत असतील." आणि त्यांस पुढे बसवून म्हणाल्या, "हे नाव लिहा. आता उंदीर दाबून धरून नावावरून फिरवा. नाव काळे जाहले ना? म्हणजे ते तुमचे हाती आले. आता कंट्रोलची कळ दाबून धरा आणि यूची कळ दाबा." दादोपंतांनी दाबिली. नावाखाली रेघ आली, आपोआप, पहिल्या अक्षरापासून शेवटचे अक्षरापर्यंत, एक ठोका अधिक नाही, एक उणा नाही. बाई म्हणाल्या, "आता मागे जाऊन दहा शब्द घाला." दादोपंतांनी घातले. नाव पुढे गेले, आणि रेघ नावाबरोबर गेली, वासरू गाईमागे जाते तशी. "आता नाव पुन्हा हाती घेऊन त्याच दोन कळा दाबा." दाबिल्या, तो रेघ गेली. दादोपंतांनी रेघ आणिली, नेली, आणिली, नेली. मग म्हणाले, "एवढेच?" बाई म्हणाल्या, "एवढेच. कळा सापडत नसतील तर वर यू अक्षर मांडिले आहे, त्यास दाबावे, तेही तेच काम करते." दादोपंत म्हणाले, "हे तीन दिवस शिकविले?" बाई म्हणाल्या, "हे पहिल्या दिवशी फराळाआधी संपले. पुढे अडीच दिवस मंडळी नुसती रेघा ओढून एकमेकांस दाखवीत होती."

दादोपंतांनी रेघ आणखी एकदा आणिली. मग हळूच म्हणाले, "बाई, सिदोजीचे नावाखाली रेघ ओढून नवी यादी छापिली, आणि जुनीचे जागी ठेविली, तर?" गोजराबाई म्हणाल्या, "छापून देते. मोहोर कोठून आणाल?" दादोपंतांनी कळेवरचा हात काढिला. बाई म्हणाल्या, "आणि मोहोर आणिली तरी वैद्यबुवांस काय सांगाल? रेघ आपण होऊन चालत गेली?" दादोपंत म्हणाले, "तसेच तर घडले आहे." बाई म्हणाल्या, "मग तेच सांगा. मी संगणक घेऊन येते."

मग तिसरे प्रहरी दरबार भरला असता दादोपंत पुढे जाऊन उभे राहिले, आणि सर्व गुन्हा आपले तोंडाने बोलिले. कारभारी खंडो अनंत संतापून बोलिले की, "हे कदापि मान्य होणार नाही. सरकारची रेघ सरकत नसते. आज एक सरकली म्हटले तर उद्या प्रत्येक जण म्हणेल माझीही सरकली. वर्षभराचे हुकूम कोण मानील? वैद्यांनी जावे. दौलतीची पत राखावयाची तर एका वैद्याचे गुडघे ते काय." बाईसाहेब म्हणाल्या, "पत पुढे पाहू. आधी रेघ कशी सरकते ते आम्हांस दाखवा." गोजराबाईंनी संगणक चौरंगावर मांडिला. बाईसाहेब म्हणाल्या, "लिहा, दादोपंत. दोन नावे लिहा, एक आमची शेवंती हत्तीण आणि दुसरे खंडो अनंत. आणि असे समजा की ज्याचे नावाखाली रेघ, त्यास आज शालजोडी द्यावयाची. रेघ कारभाऱ्यांस ओढा, तुमचे जुने रीतीने." कारभाऱ्यांचा राग तेवढ्यापुरता उतरला.

दादोपंतांनी दोन्ही नावे लिहिली. तो खंडो अनंत या नावाखाली यंत्राने आपण होऊनच एक तांबडी नागमोडी रेघ ओढिली. कारभारी दचकून म्हणाले, "ही कोणी ओढिली?" गोजराबाई म्हणाल्या, "ही खरी रेघ नव्हे, ही कागदावर उमटत नाही. यंत्रास जो शब्द ठाऊक नसेल त्याखाली ते अशी खूण करते." कारभारी म्हणाले, "यंत्रास आम्ही ठाऊक नाही?" बाई म्हणाल्या, "नाही." "आणि शेवंती?" बाईंनी पडद्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "ती ठाऊक आहे." दरबारी मंडळी खाली पाहू लागली. मग दादोपंतांनी जुने रीतीने खालचे ओळीत येऊन कारभाऱ्यांचे नावाखाली रेघ ठोकिली. बाईसाहेब म्हणाल्या, "आता हत्तिणीस राजमान्य राजश्री लावा." दादोपंतांनी लाविले, आणि सर्वांचे देखत कारभाऱ्यांचे नाव उजवीकडे गेले, शेवंतीचे नाव त्यांचे जागी येऊन उभे राहिले, आणि रेघ हलली नाही. बाईसाहेबांनी पडद्याशी नाक लावून पाहिले, आणि सांगितले की, "शालजोडी हत्तीखान्यात पाठवा. बोललो ते बोललो." त्याप्रमाणे शालजोडी शेवंतीचे पाठीवर गेली, आणि ती तिला आखूड जाहली.

मग बाईसाहेब कारभाऱ्यांस म्हणाल्या, "रेघ सरकते, हे तर पाहिले. आता वैद्यांचा हुकूम रद्द. सिदोजी जाईल." विश्वंभरभट खांबापाशी उभे होते, त्यांनी उपरण्याने डोळे पुसले आणि दादोपंतांकडे पाहून फक्त मान हलविली. परंतु कारभारी धूर्त. ते म्हणाले, "मग न्याय सरसकट व्हावा. वर्षात आणखी कोणती रेघ सरकली तेही टंकनविसांनी सांगावे." दादोपंतांस प्रत्येक मसुदा जपून ठेवण्याची खोड होती, ते गठ्ठा घेऊन आले, आणि अर्धा प्रहर ताडून पाहून म्हणाले, "सर्व कागद पाहिले. सरकलेली आणखी एक आहे. पहिल्या महिन्यातील, मला रेघेची खोड पुरती कळली नव्हती तेव्हाची. न्यायाधीशाचे नेमणुकीची." हे ऐकून दरबारचे न्यायाधीश सुभानजी, जे बाजूस बसले होते, ते उठून उभे राहिले. सुभानजी हे पूर्वी शेवंतीचे माहूत. त्या यादीत पाच नावे शुभ म्हणून पाचवे त्यांचे भरतीस घातले होते; रेघ चौथ्या नावाखाली होती, आणि चौथे नाव कारभाऱ्यांचे मेहुण्याचे. कारभाऱ्यांनी ऐन वेळी पहिल्या नावाचा, म्हणजे आपले वैऱ्याचा, किताब काढावयास लाविला, त्यामुळे सर्व नावे डावीकडे ओढली गेली, आणि रेघेवर माहूत येऊन बसला. बाईसाहेब हसल्या. म्हणाल्या, "खंडोपंत, आम्हांस वाटले तुम्ही मेहुण्यास बाजूस सारून गुण पाहिला. वर्षभर आम्ही तुमचा त्याबद्दल आदर केला." खंडोपंत म्हणाले, "आणि आम्हांस वाटले ती आपली मर्जी. वर्षभर आम्ही रुसलो होतो." मग लगबगीने म्हणाले, "तर ती चूक आज दुरुस्त व्हावी."

बाईसाहेबांनी सुभानजीस विचारिले, "तुम्हांस काय म्हणावयाचे आहे?" सुभानजी हात जोडून म्हणाले, "सरकार, मला पहिल्या दिवशीच वाटले की ही चूक आहे. पण रेघेला विचारायचे कोणी? मला शास्त्र येत नाही. हत्तीपुढे माणूस जसा जपून उभा राहतो, तसा मी रोज त्या गादीवर बसलो. दोन्ही बाजू पुऱ्या ऐकल्याशिवाय तोंड उघडले नाही, कारण तोंड उघडले तर माझे अज्ञान कळेल ही भीती. आजही भीती आहे. मला हत्तीखान्यात पाठवले तरी शेवंती मला ओळखेल." बाईसाहेबांनी दरबारास विचारिले, "यांचे निवाड्याविरुद्ध वर्षात किती जण आमचेकडे आले?" दरबारात कोणी हात वर केला नाही. खुद्द कारभाऱ्यांनीही केला नाही, कारण त्यांचे विहिरीचा तंटा सुभानजींनीच तोडिला होता, आणि बरा तोडिला होता. मग बाईसाहेब म्हणाल्या, "दादोपंत, नवा कागद घ्या. सुभानजींचे नाव लिहा, आणि खाली रेघ ओढा. या वेळी न सरकणारी." दादोपंतांनी नाव लिहिले, हाती घेतले, आणि कंट्रोल व यू या दोन कळा सर्वांदेखत दाबिल्या. त्यांस खोकला आला नाही.

येणेप्रमाणे हकीकत जाहली. सिदोजी खैरे वारेगडास गेला, आणि तेथून पत्र आले की झोप उत्तम लागते, फक्त पागोटी तीन उडाली. विश्वंभरभट घरी राहिले आणि गोणपाट सोडून खलबत्ता जागेवर मांडिला. दादोपंतांस शिक्षा अशी जाहली की गोजराबाईंजवळ तीन दिवस बाकावर बसून शिकावे. ते आठ दिवस बसले, आणि दुहेरी, ठिपक्यांची, सहीसाठी मोकळी जागा सोडून ओढावयाची, अशा सर्व रेघा शिकून आले. कारभाऱ्यांचे विनंतीवरून गोजराबाईंनी त्यांचे नाव यंत्रास शिकविले, ती तांबडी रेघ पुन्हा आली नाही. आणि बाईसाहेबांनी त्या दिवसापासून रेघेवर भरवसा ठेवणे सोडिले, कागद आला की लोडाशी टेकून म्हणत, "आरंभापासून वाचा, आम्ही ऐकतो आहो." वाचणारे तेच कारभारी आणि तेच कारकून, त्यांचे घसे चार दिवसांत बसले, आणि महिन्याभरात दौलतीचे कागद असे आखूड जाहले की एके दिवशी एक कागद आला, त्यात एवढेच होते: "पूल मोडला आहे." तो त्याच दिवशी दुरुस्त जाहला. लिहिले यथामती. अक्षर चुकले असल्यास शहाण्यांनी खाली रेघ ओढावी, परंतु ती अक्षरालाच लागून ओढावी. शुभं भवतु.